स्वस्तातला कॉफीमेकर घ्यावा का? वाचकांचे प्रश्न

यंदा पाऊस सुरू झाल्यापासून या सदराकडे मिक्सर आणि इन्व्हर्टरच्या बरोबरीने कॉफीची पत्रं येताहेत. म्हापशातल्या माझ्या दुकानात कॉफीची मशीनं, किटल्या, ग्राइंडर दुरुस्तीला येतात, ती उघडल्यावर जे दिसतं आणि घरी रोज कॉफी करताना जे कळतं, त्या दोन्हीवरून ही उत्तरं लिहिली आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात घेतली आहेत.

दादा, गेल्या चवथीला मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने विजेवरचा ड्रिप कॉफीमेकर आणला, 1,800 रुपयांचा. पहिला कप पांचट लागतो आणि अर्ध्या तासाने ओतलेला कडू. यजमानांना दूध घालून कॉफी लागते, ती तर नुसतं गढूळ पाणी होते. मशीनमध्ये दोष आहे की माझं काही चुकतंय? (साखळी)

वहिनी, मशीनमध्ये दोष नाही आणि तुमचंही काही चुकत नाही. या किमतीचं मशीन चालतंच असं.

यात पंप नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खालची प्लेट काढली की घोड्याच्या नालासारखी वळवलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी दिसते, तिला चिकटूनच हीटर. टाकीतलं पाणी आपल्या वजनाने नळीत उतरतं, तिथे उकळतं, आणि जे बुडबुडे होतात ते पाण्याचा घोट घोट वर ढकलतात. पाणी उलट टाकीत जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह. तुम्हाला जो खळखळ आवाज येतो तो याचाच. आता कॉफी पावडरीतून नीट उतरायची तर तिच्यावर पडणारं पाणी 90 ते 96 अंश सेल्सिअस हवं. स्वस्त मशीनचा हीटर 600-700 वॅटचा, वरची नळी सुरुवातीला थंडगार, त्यामुळे पहिलं पाणी पावडरीवर पडेपर्यंत बरंच निवलेलं असतं. शिवाय ते एकाच भोकातून पडतं. पावडरीच्या मधोमध खड्डा पडतो आणि कडेची पावडर नीट भिजतच नाही. झाल्यावर जाळी उचलून बघा, कडेला फिकट, कोरडसर पावडर दिसेल. तुमचा पांचटपणा तिथे अडकून बसलेला आहे.

कडूपणाही त्याच हीटरचा. काचेच्या भांड्याखालची गरम प्लेट वेगळी नसते, तोच हीटर तिलाही तापवतो. टाकी रिकामी झाली की थर्मोस्टॅट त्याला चालू-बंद करत राहतो आणि वर ठेवलेली कॉफी शिजत राहते.

मशीन आहेच घरात, तर ते असं वापरा. आधी नुसतं पाणी घालून एकदा चालवा, म्हणजे नळी तापेल. मग पावडर घाला, अर्ध्या लिटर पाण्याला 30 ग्रॅम, म्हणजे साधारण पाच-सहा मोठे चमचे. पाणी पडायला लागलं की झाकण उघडून चमच्याने पावडर एकदा हलक्या हाताने ढवळा, वाफेपासून हात जपून. शेवटचा थेंब पडला की बटण बंद, आणि कॉफी लगेच थर्मासमध्ये. एवढ्यानेही फरक पडेल. पाणी उतरायला पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल तर नळीत क्षार साचलेत. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे लवकर होतं. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, विरघळवून निम्मं पाणी चालवा, अर्धा तास बंद ठेवा, उरलेलं चालवा, आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा धुऊन काढा. क्षार तसेच राहिले तर हीटर अवाजवी तापतो आणि थर्मल फ्यूज उडतो. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत हाच बिघाड सर्वांत जास्त. फ्यूज अगदी स्वस्त, बदलूनही मिळतो. काचेचं भांडं फुटलं तर मात्र स्वस्त मशीनचं सुटं भांडं मिळणं कठीण, आणि मग चालू मशीन माळ्यावर जातं.

यजमानांच्या दुधाच्या कॉफीसाठी हे मशीन मुळी नाहीच. ते पातळ, काळी, मोठ्या कपातली कॉफी करतं. त्यात दूध घातलं की उरतं काय? त्यांच्यासाठी खालच्या पत्राचं उत्तर वाचा.

काका, मी मूळचा पेडण्याचा, वेर्ण्याला कंपनीत लागलोय, खोली भाड्याची आहे. गॅस नाही, एक इंडक्शन शेगडी आहे. मला उडपी हॉटेलात मिळते तशी कडक दुधाची कॉफी हवी. हजार रुपयांच्या आत मोका पॉट घेऊ, फ्रेंच प्रेस घेऊ की साधा फिल्टर? (वेर्णा)

साधा स्टीलचा फिल्टर घे. दोन-तीन कपांचा म्हापशाच्या किंवा मडगावच्या भांड्यांच्या दुकानात 300 ते 500 रुपयांत मिळतो. उरलेल्या पैशांची चांगली पावडर घे.

मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं, तुझ्या कामाचाच नाही. तो बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियम तापत नाही. स्टीलचा आहे म्हणून दुकानदार देईल, तर तळाला लोहचुंबक लावून बघ, चिकटला तरच तो चालेल. आणि इंडक्शनवर चालणारे सहसा हजारात बसत नाहीत. फ्रेंच प्रेसची, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने पावडर खाली दाबायच्या भांड्यातली कॉफी चांगली, पण ती काळी प्यायची. तुला जी चव हवी आहे तिच्यासाठी दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क लागतो, आणि तो फिल्टरच देतो. साखळीच्या वहिनींच्या मशीनमध्ये लिटरला 60 ग्रॅम पावडर, तुझ्या फिल्टरमध्ये 150 मिलिलिटर पाण्याला 25 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ तिप्पट कडक, म्हणून दूध घातल्यावरही कॉफी टिकते.

आता कृती नीट वाच, कारण फिल्टर आणून 'येत नाही' म्हणून परत ठेवून देणारे पुष्कळ पाहिलेत. वरचं भांडं उजेडाकडे धर, सगळ्या भोकांतून उजेड दिसला पाहिजे. भांडं अगदी कोरडं हवं. तीन मोठे चमचे भरून पावडर घाल, भांडं ओट्यावर हलकेच टेकवून पावडर सपाट कर. दांडीची चकती वर ठेव आणि बोटाने नुसती बसव. जोर लावायचा नाही. पाण्याला खळखळून उकळी आली की शेगडी बंद कर, अर्धा मिनिट थांब. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी चकतीवर गोल फिरवत ओत. पावडर ताजी असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात, नाकाशी वास येतो. मिनिटभराने बाकीचं पाणी घाल आणि झाकण लाव. नंतर वरचं भांडं जरासं उचलून बघ. भोकाभोकाला काळा, तेलकट थेंब लोंबत असेल आणि तो सुटायला वेळ घेत असेल, तर तुझं जमलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं खाली उतरतं. दोन मिनिटांतच उतरलं तर पावडर जाडी आहे किंवा कमी आहे. तासाभरानेही वर पाणी तुंबलेलं असेल तर पावडर पिठासारखी बारीक आहे, किंवा चकती दाबली गेली आहे, किंवा भोकं बुजली आहेत. बुजलेल्या भोकांना सुई लावू नको, भोकं मोठी होतात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजव आणि जुन्या टूथब्रशने घास.

डिकॉक्शन पुन्हा उकळायचं नाही. कपात एक भाग डिकॉक्शन घे आणि त्यावर दोन ते तीन भाग कडकडीत तापलेलं दूध ओत. रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवलास तर सकाळी ड्यूटीला जाताना फक्त दूध तापवायचं काम उरतं.

उडपी चवीचं अर्धं श्रेय चिकोरीचं आहे. ही एका झाडाची मुळं, भाजून दळलेली. तिच्यात कॅफिन नसतं, पण दाटपणा आणि काळा रंग येतो. आपल्याकडच्या अन्न नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. स्वस्त पाकीट उलटून बघ, 53 आणि 47 असे आकडे सापडतील. म्हणजे कॉफीच्या भावात जवळजवळ निम्मी चिकोरी. 80-20 घे, फार तर 70-30. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो, इन्स्टंट कॉफी फिल्टरमध्ये घालू नको. ती एकदा उतरवून सुकवलेलीच असते, पाण्यात विरघळून सरळ खाली जाईल.

नमस्कार. मी शिक्षिका आहे. पावसात कॉफीची पावडर आठवड्यात गोळा होते आणि वास जातो. फ्रिजमध्ये ठेवावी का? की बिया आणून घरी दळाव्यात? स्वस्त ग्राइंडर कोणता? (डिचोली)

बाई, आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत पापड मऊ पडतात, तिथे कॉफीची काय कथा. पण फ्रिजमध्ये रोजच्या वापराची पावडर ठेवू नका. थंड डबा बाहेर काढून झाकण उघडलं की दमट हवेतलं पाणी आत पावडरीवरच बसतं, आणि शेजारच्या सुक्या बांगड्याचा वासही ती घेते. पावडर 100 ग्रॅमच्या वर एका वेळी आणू नका. छोटा स्टीलचा घट्ट डबा घ्या, पावडरीने भरेल एवढाच, म्हणजे आत हवा कमी राहते. चमचा कोरडा, आणि डबा शेगडीपासून लांब. कोणी मोठं पाकीट भेट दिलं तर त्याच्या छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका, एकेक बाहेर काढा, गारवा पूर्ण जाऊन खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, आणि उघडलेली परत आत ठेवू नका.

बिया आणणं सर्वांत चांगलं, त्याबद्दल मी ठाम आहे. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांत उडतो, भाजलेल्या सबंध बिया काही आठवडे टिकतात. पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून ताजेपणा कळत नाही. चिकमगळूर आणि कोडगू आपल्यापासून काही फार लांब नाहीत, तिथून ताज्या भाजलेल्या बिया टपालाने घरी येतात. चोर्ला घाटाने बेळगावला जाणं होत असेल तर कॉफी समोर दळून देणारं दुकान विचारून ठेवा.

ग्राइंडर म्हणाल तर 1,000 ते 2,000 रुपयांत हाताने फिरवायचा, आत दोन दातेरी शंकू असलेला घ्या. दोन शंकूंमधलं अंतर स्क्रूने कमी-जास्त होतं, म्हणून सगळे कण जवळजवळ एका मापाचे येतात. दोन कपांपुरतं दळायला दोन-तीन मिनिटं लागतात. याच किमतीत पात्याचा विजेवरचा मिळतो, तो घेऊ नका. तो बिया नुसत्या फोडतो, काही पीठ, काही तुकडे, आणि तुमच्या मिक्सरची चटणीची जारसुद्धा तेच करते. ग्राइंडर घेईपर्यंत मिक्सरवरच करायचं असेल तर बटण दोन सेकंद चालू, मग थांबा, असं चार-पाच वेळा करा म्हणजे पावडर तापणार नाही, आणि मग बारीक चाळणीने चाळा. खाली पडलेली बारीक फिल्टरला, वर राहिलेली जाडी फ्रेंच प्रेसला. जारेला लसणाचा वास असेल तर आधी मूठभर तांदूळ फिरवून टाकून द्या.

जाता जाता एक. ज्या हवेने तुमची पावडर बिघडते, त्याच हवेवर मंगळूरकडे एक नामांकित कॉफी तयार होते, मॉन्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफीच्या कच्च्या बिया युरोपात पोचायला महिने लागत, वाटेत दमट हवेने त्या फुगून फिकट होत आणि त्यांचा आंबटपणा जाई. वाफेच्या बोटी आल्या, प्रवास थोडक्यात होऊ लागला, पण तिकडच्या लोकांना जुनीच चव हवी होती. म्हणून गोदामात कच्च्या बिया पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देऊ लागले. तिला भौगोलिक मानांकनही आहे. ज्यांना कॉफीचा आंबटपणा सोसत नाही त्यांनी ही जरूर आणून बघावी.

भाऊ, मांद्र्याला आमच्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. सकाळी परदेशी पाहुणे काळी कॉफी मागतात, मुंबई-बंगळूरचे कॅपुचिनो विचारतात. '15 बार' लिहिलेलं एस्प्रेसो मशीन 7,000 ला मिळतंय. घेऊ का? (मांद्रे)

घेऊ नका. एस्प्रेसोला पावडरीवर साधारण 9 बार दाब लागतो. डब्यावरचे 15 किंवा 20 हे आकडे पंपाला जास्तीत जास्त किती जमतं ते सांगतात, चवीबद्दल काहीही सांगत नाहीत. या किमतीच्या मशीनमध्ये पावडरीची वाटी दुहेरी तळाची असते, बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक. कॉफी त्यातून जोराने फवारली जाते आणि वर फेस येतो. शिळ्या पावडरीवरही येतो. खरा एस्प्रेसो हवा तर एकेरी वाटी आणि अगदी बारीक, एकसारखं दळणारा ग्राइंडर हवा, आणि तसा ग्राइंडरच या मशीनपेक्षा महाग पडतो. याहून स्वस्त, 3,000 च्या आसपासची मशीनं वाफेच्या दाबावर चालतात. त्यांचं टाकीचं झाकण वाफ पूर्ण गेल्याशिवाय उघडू नये, हे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया लक्षात ठेवा, भाजल्याच्या गोष्टी मी ऐकलेल्या आहेत.

तुमच्यासाठी दोन फ्रेंच प्रेस, एक 350 मिलिलिटरचा आणि एक लिटरचा. काचेचे 600 ते 1,200 रुपयांत येतात. पाहुण्यांच्या हाती द्यायचा तो दुहेरी स्टीलचा घ्या, थोडा महाग, पण फुटायची भीती नाही आणि कॉफी गरम राहते. लिटर पाण्याला 60 ग्रॅम, रव्याएवढी जाडी पावडर. पाणी ओता, चार मिनिटं थांबा, वर जो थर येतो तो चमच्याने मोडा, फेस काढून टाका आणि मग दट्ट्या अगदी सावकाश खाली न्या. दट्ट्या जायलाच तयार नसेल तर जोर करू नका, पावडर बारीक आहे. गरम कॉफी अंगावर उसळते. कॉफी तशीच प्रेसमध्ये ठेवू नका, ओतून थर्मासमध्ये भरा. वीज गेली तरी गॅसवर पाणी तापतं आणि उंडे-भाजीबरोबर वेळेत कॉफी टेबलावर जाते. पावसात मांद्र्याला हा मुद्दा मोठा आहे. कॅपुचिनो मागणाऱ्यांना फिल्टर कॉफी द्या. ती उत्तम झाली तर पाहुणे आनंदाने पितात.

एप्रिल-मेसाठी कोल्ड ब्रू. 100 ग्रॅम जाडी पावडर, एक लिटर गार पिण्याचं पाणी, झाकून फ्रिजमध्ये 14-16 तास. आधी गाळण्याने, मग धुतलेल्या सुती फडक्याने गाळा. अर्क दोन-तीन दिवसांत संपवायचा. निम्मं पाणी आणि बर्फ घालून द्या. माडाचा गूळ पातळ करून शेजारी ठेवा, त्या कॉफीला साखरेपेक्षा तो शोभतो. उकळत्या दुधात मात्र गूळ टाकू नका, दूध फाटतं.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं. साखर सोडली, आता कॉफीही सोडायची का? वय 67. (मडगाव)

किती प्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. मी पद्धतीबद्दल सांगतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. उकळलेल्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीत तो भरपूर उतरतो. कागदातून गाळली तर जवळजवळ सगळा कागदात राहतो. कागदी गाळणीही काही नवी नाही, जर्मनीत ड्रेस्डेनला मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने 1908 साली मुलाच्या वहीचा टीपकागद वापरून ती काढली. प्लॅस्टिकचा शंकू 300-400 रुपयांत मिळतो, कागद वेगळे. कागद आधी गरम पाण्याने भिजवा, 15 ग्रॅम पावडर घ्या, 240 मिलिलिटर पाणी थांबत थांबत गोल ओता, तीन-साडेतीन मिनिटांत झाली पाहिजे. ही कॉफी स्वच्छ आणि हलकी लागते. काका, सुरुवातीला ती पातळ वाटेल, आठवडाभर पिऊन बघा. आणि साखळीच्या वहिनींकडे आहे तसं ड्रिप मशीन तुमच्या घरी पडून असेल, तर जाळी काढून त्यात कागद घाला. त्या मशीनचा हा चांगला उपयोग आहे.

मोका पॉट गॅसवर ठेवला की मधल्या जोडातून वाफ आणि पाणी गळतं, वर कॉफी चढतच नाही. पॉट गेला का? (वास्को)

नाही. 1933 साली इटलीत बियालेत्तींनी आणलेल्या या भांड्याची रचना इतकी सरळ आहे की सहसा ते बिघडतच नाही. खालच्या पाण्यावर वाफेचा दाब येतो, पाणी पावडरीतून वर चढतं, आणि हा सगळा दाब मधल्या रबरी रिंगवर पेललेला असतो. तुमची रिंग कडक झाली असणार, नखाने दाबून बघा, खड्डा पडला नाही तर बदला. जुनी रिंग घेऊन दुकानात जा, आतला आणि बाहेरचा दोन्ही व्यास जुळले पाहिजेत, सिलिकॉनची मिळाली तर ती घ्या. जोडाच्या काठावर पावडरीचा कण राहिला तरी गळतं, तो पुसा. पाणी बाजूच्या पितळी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा, पावडर दाबू नका, आच मंद ठेवा. व्हॉल्व्हमधला खटका हलतो की नाही ते महिन्यातून एकदा बघा. तो क्षारांनी जाम झाला असेल आणि लिंबाच्या फुलाच्या पाण्यात भिजवूनही मोकळा होत नसेल, तर ते भांडं गॅसवर चढवू नका.